पहिलं फॅमिली कॅम्पिंग, बजेट ५ हजार : पॅकिंगमध्ये मोबाईल कुठे कामाला येतो आणि कुठे नाही?

थंडी सुरू झाली की इन्स्टावर टेंट, शेकोटी आणि तलावाचे रील्स सुरू होतात. मित्रांबरोबर जायचं असेल तर आपण काय, एक सॅक उचलतो आणि निघतो. पण आई-बाबांना आणि लहान बहिणीला घेऊन पहिल्यांदा जायचं असेल, आणि खिशात मोजून पाच हजार असतील, तर काय काय न्यायचं?

मागच्या डिसेंबरमध्ये आम्ही चौघं नाशिकहून भंडारदऱ्याला एक रात्र राहून आलो. अंतर साधारण ७० किलोमीटर, घोटीमार्गे. बाबांना डायबेटिस आहे, बहीण नऊ वर्षांची आहे आणि आजी घरी एकटी राहणार होती. त्यामुळे आईने दोन अटी घातल्या होत्या. एक, नवीन सामानावर उधळपट्टी करायची नाही. दोन, रात्री नऊ वाजता आजीला फोन लागलाच पाहिजे.

या दोन अटींमुळे मला पॅकिंगचा नीट विचार करावा लागला. घरातला "मोबाईलवाला" मीच, म्हणून जबाबदारी माझ्यावर आली. त्यात मला एक गोष्ट कळली : मोबाईल पॅकिंगचा खर्च खरंच कमी करतो, पण त्याचं जवळजवळ सगळं काम घरी, वायफायवर, निघण्याआधी करायचं असतं. तिकडे गेल्यावर मोबाईल म्हणजे फक्त सांभाळायची एक बॅटरी. कसं ते स्टेप बाय स्टेप पाहूया.

१. आधी यादी, मग खरेदी

यूट्यूबवर "कॅम्पिंग इसेन्शियल्स" शोधलं तर स्लीपिंग बॅग, फोल्डिंग खुर्ची, गॅस स्टोव्ह अशी वीस-पंचवीस हजारांची यादी सहज तयार होते. एका रात्रीसाठी त्यातलं बहुतेक लागत नाही.

मी गुगल कीपमध्ये एक चेकलिस्ट केली आणि आई-बाबांच्या फोनवर शेअर केली. नोट उघडून मेनूमधून कोलॅबोरेटर निवडायचा आणि घरच्यांचा जीमेल टाकायचा, की सगळ्यांना तीच यादी दिसते. एकाने टिक केलं की सगळ्यांकडे टिक होतं. नेट नसतानाही यादी उघडते, आणि नंतर नेट आलं की बदल जुळतात.

खरी युक्ती यादीचे चार भाग करण्यात आहे :

- घरात आहे : गोधड्या, सतरंजी, चटई, कानटोप्या, स्टीलची ताटं, पाण्याचा कॅन, सुरी, माचिस, जुने टॉवेल
- मागून आणायचं : मामाची गाडी, शेजारच्या काकांची एक घोंगडी
- भाड्याने : टेंट
- विकत : जे वरच्या तिन्हीत बसत नाही तेवढंच

प्रत्येक वस्तू आधी पहिल्या भागात बसते का ते बघायचं, नाही बसली तरच खाली ढकलायची. माझ्या पहिल्या यादीत "विकत" खाली १७ वस्तू होत्या. आईने यादी वाचली आणि अर्ध्या तासात त्या ६ वर आणल्या. स्लीपिंग बॅगच्या जागी गोधडी, कॅम्पिंग मगच्या जागी स्टीलचा पेला. तुमच्याही घरी यादी आधी आईला दाखवा, कुठलंही ॲप एवढे पैसे वाचवणार नाही!

२. टेंट : विकत घेऊ नका, पण लेबल वाचायला शिका

भंडारदऱ्याला आर्थर लेकच्या काठावर गावातले लोक जागा आणि टेंट दोन्ही भाड्याने देतात. पहिल्याच ट्रिपला टेंट विकत घेण्यात अर्थ नाही. घरच्यांना जमिनीवर झोपणं जमतं की नाही, हे तरी आधी कळू दे!

फोनवर बुकिंग करताना हे तीन प्रश्न विचारा :

- टेंट किती माणसांचा आहे? लेबलवर "४ पर्सन" लिहिलेलं असेल तर चार जण एकमेकांना चिकटून झोपतात आणि सामानाला जागा उरत नाही. चौघांच्या कुटुंबाने दोन टेंट घ्यावेत.
- खाली अंथरायला काय देता? नुसती प्लास्टिकची शीट की गादी?
- तुमच्याकडे कुठल्या सिमला रेंज येते? हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही विचारला म्हणून आजीचा नऊचा फोन लागला. आमच्या तीन सिमपैकी फक्त बाबांच्या सिमला तिथे रेंज होती.

कोणाचा टेंट उसना आणत असाल, तर निघण्याआधी गच्चीवर एकदा लावून बघा. आणि तो पिशवीतून बाहेर काढताना व्हिडिओ शूट करा. कुठली घडी कशी होती, दांड्या कुठे होत्या, खुंट्या किती होत्या, सगळं रेकॉर्ड होतं. परत भरताना तोच व्हिडिओ उलट्या क्रमाने बघायचा. टेंट पिशवीत परत न बसणं हा कॅम्पिंगमधला सगळ्यात कॉमन प्रॉब्लेम आहे, आणि त्यावर हा फुकटचा उपाय आहे.

३. थंडी खालून येते

डिसेंबरमध्ये भंडारदऱ्याला रात्री चांगलाच गारठा असतो. बहुतेक जण अंगावर घ्यायला दोन-दोन पांघरुणं नेतात आणि खाली एक पातळ चादर. हे उलटं आहे. जमीन अंगातली उष्णता ओढून घेते, आणि आपल्या वजनाने खालची गादी दबते, त्यामुळे तिच्यातली हवा निघून जाते. ऊब टिकवते ती ही अडकलेली हवाच.

म्हणून थर असे लावा : सगळ्यात खाली ताडपत्री, त्यावर चटई, त्यावर घोंगडी किंवा जाड सतरंजी, मग गोधडी. ताडपत्री टेंटच्या तळापेक्षा थोडी लहान दुमडा. बाहेर आलेल्या कडेवर दव आणि पाणी साचून ते टेंटखाली शिरतं.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं टेंटमध्ये किंवा बंद गाडीत कधीही ठेवू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला कळतही नाही आणि जीव जाऊ शकतो. तुमच्या फोनमध्ये हा वायू ओळखणारा सेन्सर नाही, कुठलंही ॲप तो ओळखू शकत नाही. शेकोटी बाहेरच, आणि झोपण्याआधी पाणी ओतून पूर्ण विझवलेली.

४. पॉवर बँकेचं गणित : १०,००० म्हणजे १०,००० नाही

"माझ्याकडे १०,००० एमएएचची पॉवर बँक आहे, ५,००० एमएएचचा फोन दोनदा चार्ज होईल." मीही असंच समजायचो. पण तसं होत नाही. का?

पॉवर बँकेवरचा आकडा आतल्या सेलचा असतो, आणि सेलचं व्होल्टेज साधारण ३.७ असतं. फोनला यूएसबीमधून मिळतात किमान ५ व्होल्ट. व्होल्टेज वाढवताना काही ऊर्जा उष्णता म्हणून वाया जाते. म्हणून एमएएचऐवजी वॅट-अवरमध्ये मोजा :

- पॉवर बँक : १०,००० एमएएच × ३.७ व्होल्ट = ३७ वॅट-अवर
- वाया जाणारी ऊर्जा वजा केली तर हातात साधारण ३० वॅट-अवर
- ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॅट-अवर

म्हणजे फोन साधारण दीड वेळा चार्ज होतो. तुमच्या पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरात "रेटेड कपॅसिटी" लिहिलेली असते, ती वाचा. १०,००० च्या बँकेवर ती बऱ्याचदा ६,००० च्या आसपास सापडते. खरा आकडा तो.

आता याचा पॅकिंगशी काय संबंध? घरात चार माणसं, तीन फोन, एक रात्र. तीनही फोन नेहमीसारखे वापरले तर एक पॉवर बँक पुरत नाही, आणि मग आपण दुसरी विकत घ्यायला निघतो. आम्ही त्याऐवजी फोन वाटून घेतले :

- एक "कामाचा फोन" : ज्या सिमला रेंज येते तो. फोन कॉल आणि नकाशा एवढंच.
- एक "फोटोचा फोन" : कायम एअरप्लेन मोडवर.
- तिसरा फोन : स्विच ऑफ करून बॅगेत. हा आमचा स्पेअर.

एवढ्याने पॉवर बँकेचा खर्च शून्य झाला. नवीन घेतली ती फक्त एक केबल, कारण जुनीचं टोक हलवल्याशिवाय चार्जिंग होत नव्हतं. केबल घरीच तपासा, तिथे गेल्यावर नाही.

पॉवर बँक आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली किंवा पांघरुणात ठेवू नका. गरम होऊ लागल्यावर उष्णता बाहेर जायला जागा लागते. चार्जिंग संध्याकाळी, डोळ्यांसमोर उरकून घ्या.

५. रेंज नसताना बॅटरी का उतरते?

घरी दिवसभर टिकणारा फोन डोंगरात दुपारीच ३० टक्क्यांवर येतो. फोन खराब झालेला नसतो. रेंज कमी असली की फोन टॉवरशी बोलण्यासाठी जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो, आणि रेंज गेली की सतत टॉवर शोधत राहतो. शांत खोलीत हळू बोलणं आणि जत्रेत ओरडून बोलणं, एवढा फरक आहे.

उपाय सोपा : रेंज नसेल तिथे एअरप्लेन मोड. कॅमेरा चालतो, टॉर्च चालते, अलार्म वाजतो. आजच्या बहुतेक फोनमध्ये एअरप्लेन मोडवरही जीपीएस चालतं. फोन करायची वेळ ठरवून ठेवा, तेवढ्यापुरता मोड काढा. घरच्यांनाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "फोन बंद का?" म्हणून तिकडे घाबरगुंडी उडते. आम्ही आजीला कागदावर लिहून दिलं होतं : रात्री ९ आणि सकाळी ८, मधे फोन लागणार नाही.

६. नकाशा घरूनच घेऊन जा

खूप जणांना वाटतं की नेट गेलं की जीपीएस जातं. जीपीएसला नेट लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल थेट पकडतो. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला आणि पहिल्यांदा जागा लवकर सापडायला. नकाशा आधीच फोनमध्ये असेल तर काम होतं, पहिल्यांदा जागा दाखवायला एक-दोन मिनिटं जास्त लागतील इतकंच.

1. वायफायवर गुगल मॅप्स उघडा आणि उजवीकडे वर प्रोफाइल फोटोवर टॅप करा.
2. "ऑफलाइन मॅप्स" निवडा, मग "सिलेक्ट युअर ओन मॅप".
3. चौकट अशी ठेवा की घर, पूर्ण रस्ता आणि कॅम्पची जागा आत येईल. डाउनलोड करा.
4. आता एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद करा आणि रस्ता काढून बघा. ही टेस्ट घरीच करायची.

एक मर्यादा माहीत असू द्या. गुगल मॅप्स ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता दाखवतं, पण चालत जायचा रस्ता दाखवत नाही, ट्रॅफिकही नाही. पायवाटांसाठी ऑरगॅनिक मॅप्स हे फुकट ॲप बरं पडतं. त्यात नकाशा आधी उतरवून ठेवला की पुढे सगळं ऑफलाइन चालतं.

कॅम्पवर पोचल्या पोचल्या टेंटच्या आणि गाडीच्या जागेवर पिन टाकून ठेवा. अंधारात तलावाचे सगळे काठ सारखेच दिसतात.

७. रोख पैसे, नंबर आणि कागदपत्रं

यूपीआयवर विसंबू नका. दुकानदाराच्या टपरीवर क्यूआर कोड असतो, पण रेंज नसेल तर तो नुसतं चित्र. आम्ही अंदाजे सगळा खर्च रोख नेला, तोही सुट्ट्या नोटांमध्ये.

डिजिलॉकरमधलं लायसन्स कायद्याने चालतं, पण ॲप उघडायला नेट लागतं. म्हणून मूळ लायसन्स आणि गाडीचे कागद बरोबर ठेवा.

आणीबाणीला ११२ हा नंबर देशभर चालतो, महाराष्ट्रात ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आहे. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क तिथे असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून न लावताच हार मानू नका. निघण्याआधी फोनच्या सेटिंगमधल्या "सेफ्टी अँड इमर्जन्सी" मध्ये रक्तगट, आजार, औषधं आणि घरचा नंबर भरा. ही माहिती लॉक न उघडता बघता येते. आणि हेच सगळं, जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या पत्त्यासह, एका कागदावर लिहून गाडीत ठेवा. कागदाची बॅटरी संपत नाही.

८. हवामान : निघायच्या आदल्या रात्री बघा

भारतीय हवामान विभागाच्या "मौसम" ॲपमध्ये त्या तालुक्याच्या आसपासचा अंदाज बघा. दिवसाचं नाही, रात्रीचं किमान तापमान बघा, पांघरुणं त्यावर ठरतात. मे-जूनमध्ये काजवे बघायला जाणार असाल तर पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने बनवलेलं "दामिनी" ॲप जरूर घ्या, ते जवळपास वीज पडत असेल तर सावध करतं. पण तेही नेटवर चालतं. गडगडाट ऐकू आला की ॲपची वाट न बघता टेंट सोडून गाडीत बसा. टेंट विजेपासून वाचवत नाही.

९. "रात्रीची पिशवी" : आमच्या कामी आलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

आता मूळ मुद्द्यावर येतो. सगळं सामान गाडीच्या डिकीत, आणि डिकी टेंटपासून पन्नास पावलांवर. रात्री काही लागलं तर? म्हणून आईने एक छोटी कापडी पिशवी वेगळी केली होती : हेडलॅम्प, पाण्याची बाटली, बाबांची औषधं, शुगर तपासायचं मशीन, साखरेची पुडी, बिस्किटचा पुडा, शिट्टी, गाडीची किल्ली. पिशवी टेंटच्या दाराशी, डाव्या कोपऱ्यात. कीपमधल्या यादीत मी तिला वेगळं शीर्षक देऊन आत काय काय आहे ते लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मनातून मी हसलोच होतो.

रात्री दोनच्या सुमारास आईने मला हाक मारली. बाबांना दरदरून घाम सुटला होता आणि हात थरथरत होते. दिवसभर भरपूर चाललो होतो, जेवण उशिरा झालं होतं, आणि बाबांनी गोळी नेहमीच्या वेळी घेतली होती. शुगर तपासली तर ६२. ७० च्या खाली म्हणजे कमी. आईने पेल्यात तीन-चार चमचे साखर घोळून पाजली. पंधरा मिनिटांनी परत तपासलं तर ९४. मग बिस्किटं खाल्ली आणि हळूहळू थरथर थांबली. ती पंधरा मिनिटं मी "कामाचा फोन" हातात धरून बसलो होतो. त्यात ५८ टक्के बॅटरी होती, रेंजची एक काडी होती, रुग्णालयाची पिन होती. ते वापरावं लागलं नाही. पण ते नसतं तर ती पंधरा मिनिटं कशी गेली असती, याचा विचार अजून करवत नाही.

त्या रात्री काम केलं ते साखरेच्या पुडीने आणि हेडलॅम्पने. हेडलॅम्प होता म्हणून आईचे दोन्ही हात मोकळे होते. मोबाईलची टॉर्च दातात धरून कोणाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढता येत नाही.

घरात कोणाला डायबेटिस असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा की जास्त चालणं आणि जेवणाची बदललेली वेळ यात गोळ्या कशा घ्यायच्या. आम्ही हे विचारलं नव्हतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच १०८ लावा.

१०. आमचा खर्च

- पेट्रोल : १,००० रु.
- जागा आणि दोन टेंटचं भाडं : १,४०० रु.
- हेडलॅम्प : ३५० रु.
- ताडपत्री : २५० रु.
- रात्रीचं जेवण गावातल्या घरातून, बाकी घरच्या दशम्या, ठेचा, चिवडा : ८०० रु.
- दोरी, झिपच्या पिशव्या, डासांचं मलम : २०० रु.
- चार्जिंग केबल : १५० रु.

एकूण ४,१५० रुपये. उरलेले ८५० आम्ही मुद्दाम खर्च केले नाहीत, ती आणीबाणीची रोकड होती.

आमच्या दोन चुका

पहिली, कचऱ्याची मोठी पिशवी विसरलो. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, तिथे कचरा टाकून येणं बरोबर नाही. शेवटी चिवड्याची पिशवी रिकामी करून त्यात कचरा भरून आणला. दुसरी, सामान भरल्यावर डिकीचा फोटो काढला नव्हता. परतताना तो फोटो समोर असता तर काकांची घोंगडी तिथे राहिली नसती. सुदैवाने टेंटवाल्या दादांनी ती सांभाळून ठेवली आणि पुढच्या रविवारी मी बाईकवरून जाऊन आणली. त्या पेट्रोलचा खर्च वरच्या हिशोबात धरलेला नाही!

तर मित्रांनो, तुम्हीही पहिल्यांदा घरच्यांना घेऊन जाणार असाल तर आज रात्री एवढंच करा : यादी बनवा, शेअर करा आणि आईला सगळ्यात आधी वाचायला द्या. "रात्रीच्या पिशवीत" तुमच्या घरातल्या माणसांना नेमकं काय लागेल, हे गुगलपेक्षा तिला जास्त चांगलं माहीत असतं.